परराज्यातलं तिकीट आणि घरचं लायसन

"मामा, दीडशेच्या आसपास डॉलर आहेत. ऑनलाइन भरून टाकतो, म्हणजे विषय संपला."

भाच्याचा फोन होता. न्यू जर्सीतल्या एडिसनला येऊन त्याला दीड वर्ष झालंय, तिथलं लायसन घेऊन आठ महिने. मित्रांबरोबर शेनान्डोआची पानगळ आणि लुरेच्या गुहा बघायला व्हर्जिनियात गेला होता. परतीच्या वाटेवर आय-८१ महामार्गावर पोलिसानं थांबवलं. वेगमर्यादा ६५ मैल, गाडी ७९ वर. पोलीस नीट वागला, तिकीट म्हणजे नियमभंगाच्या आरोपाचा कागद लिहिला, सही घेतली आणि सांभाळून जा म्हणाला.

मी त्याला म्हटलं, "आज काही भरू नकोस. आधी सगळं समजून घे." त्याला नवल वाटलं. दंड भरणं हा तर सरळपणा, त्यात थांबायचं कशाला? दर लाँग वीकेंडनंतर हाच प्रश्न आपल्या ओळखीतल्या चार घरांत निघतो, आणि दर वेळी कोणीतरी ठामपणे सांगतं की दुसऱ्या राज्यातलं तिकीट आपल्या रेकॉर्डवर येतच नाही. हे काही लोकांच्या बाबतीत खरं आहे, बहुतेकांच्या बाबतीत नाही. आपण कोणत्या गटात आहोत ते पैसे भरण्याआधी कळायला हवं.

## आधी मुळातलं: इथे देशाचं लायसन नसतंच

आपली सवय भारतातली. मोटार वाहन कायदा १९८८चा, तो सगळ्या देशाला एकच. कोल्हापूरच्या आरटीओनं दिलेलं लायसन गोव्यात चालतं आणि आसामातही. अमेरिकेत केंद्र सरकार सामान्य माणसाला लायसन देतच नाही. ते राज्य देतं. पन्नास राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी, प्रत्येकाचा वाहतूक कायदा वेगळा, दंड वेगळे, लायसन देणाऱ्या कार्यालयाचं नावसुद्धा वेगळं. आपण सगळ्यालाच डीएमव्ही म्हणतो, पण न्यू जर्सीत ते मोटर व्हेइकल कमिशन आहे आणि मॅसॅच्युसेट्समध्ये रजिस्ट्री.

तुमचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड म्हणजे तुम्हाला लायसन देणाऱ्या राज्यानं तुमच्या नावानं ठेवलेलं खातं. कोणत्या गुन्ह्यात दोषी ठरलात, लायसन कधी निलंबित झालं, हे सगळं त्यात असतं. बरीच राज्यं गुन्ह्याच्या गंभीरपणाप्रमाणे त्यात पॉइंट मांडतात. हे पॉइंट मिळवायचे नसतात, टाळायचे असतात. ठरावीक आकडा झाला की लायसन जातं. मिनेसोटा, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत पॉइंटची पद्धतच नाही.

म्हणूनच "व्हर्जिनियाचे पॉइंट न्यू जर्सीत येतात का?" हा प्रश्नच जरा चुकतो. पॉइंट कुठूनच कुठे जात नाहीत. जाते ती गुन्ह्याची बातमी. पॉइंट लावायचे का आणि किती, हे घरचं राज्य आपल्या नियमानं ठरवतं.

## बातमी घरी पोचते कशी?

मामाच्या गावाला गेलेल्या पोरानं शेजाऱ्याच्या झाडावरचे आंबे पाडले, असं समजा. तिथली शिक्षा तिथेच होते: मामा कान धरतो, शेजाऱ्याची भरपाई करायला लावतो. पण सुट्टी संपायच्या आत बहिणीला निरोप जातो की तुझ्या पोरानं असं असं केलं. पुढे घरी काय करायचं ते आईवडिलांच्या हातात. एखाद्या घरी नुसता दम मिळतो, दुसऱ्या घरी महिनाभर खेळ बंद.

राज्याराज्यांनी असा निरोप पाठवण्याचा करार केलेला आहे. त्याचं नाव ड्रायव्हर लायसन कॉम्पॅक्ट. १९६०च्या दशकापासून राज्यं त्यात येत गेली. आज जॉर्जिया, टेनेसी, मिशिगन, विस्कॉन्सिन आणि मॅसॅच्युसेट्स ही पाच राज्यं सोडली तर जवळजवळ सगळी त्यात आहेत. करारामागचा विचार साधा आहे: एक माणूस, एक लायसन, एक रेकॉर्ड. तो झाला नसता, तर पाच राज्यांत पाच वेळा दारू पिऊन गाडी चालवणारा माणूस प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदाच सापडलेला ठरला असता.

करारात गुन्ह्यांचे दोन वर्ग आहेत. चार गुन्हे सगळ्यांत गंभीर: गाडीनं मनुष्यवध, दारू किंवा नशेत गाडी चालवणं, गाडी वापरून केलेला मोठा फौजदारी गुन्हा, आणि माणूस जखमी किंवा ठार झाल्यावर न थांबता पळून जाणं. हे चार कुठेही केले तरी घरच्या राज्यानं ते आपल्याच हद्दीत घडले असं धरून कारवाई करायची. बाकी सगळ्या गुन्ह्यांना, म्हणजे वेग, सिग्नल, लेन वगैरेंना, घरच्या राज्याच्या कायद्याप्रमाणे जे वजन असेल ते. गोंधळ आहे तो सगळा या दुसऱ्या वर्गात.

आणखी एक गोष्ट. साध्या तिकिटाचा निरोप ते मिळाल्याबरोबर जात नाही, दोषी ठरल्यावर जातो. तिकीट हा नुसता आरोप असतो. ऑनलाइन दंड भरणं म्हणजे बहुतेक ठिकाणी गुन्हा कबूल करणं, आणि कबुली म्हणजे दोषसिद्धी. भाच्याला मी थांबवलं ते एवढ्यासाठी. त्याच्या दृष्टीनं तो बिल भरणार होता, कायद्याच्या दृष्टीनं तो कबुलीजबाब देणार होता.

## गुन्हा तोच, घर वेगळं

न्यू जर्सीचा नियम स्पष्ट आहे: राज्याबाहेर चालत्या गाडीचा कोणताही गुन्हा केला तर २ पॉइंट. चालत्या गाडीचा म्हणजे वेग, सिग्नल, धोकादायक ओव्हरटेक असला. पार्किंग किंवा फुटलेला टेललाइट नव्हे. गंमतीची गोष्ट अशी, की न्यू जर्सीतच मर्यादेपेक्षा २५ मैल जास्त वेगानं गेलात तर ४ पॉइंट लागतात, पण तेच पेनसिल्व्हेनियात केलंत तर २.

दोन पॉइंट म्हणजे फार नाहीत असं वाटतं. पण तीन वर्षांत ६ पॉइंट झाले की न्यू जर्सी १५० डॉलरचा सरचार्ज लावते, आणि सहाच्या वर प्रत्येक पॉइंटला आणखी २५. बारा झाले की लायसन निलंबित व्हायची पाळी येते. उलट, वर्षभर एकही गुन्हा न करता गाडी चालवली तर ३ पॉइंट उतरतात.

आता हडसन नदी ओलांडा. न्यूयॉर्कचं लायसन असणाऱ्याच्या रेकॉर्डवर दुसऱ्या राज्यातलं वेगाचं साधं तिकीट चढतच नाही. दारू-नशेचे गुन्हे मात्र चढतात. शिवाय कॅनडातल्या ऑन्टारिओ आणि क्विबेक या दोन प्रांतांतले वाहतुकीचे गुन्हे न्यूयॉर्क स्वतःच्या गुन्ह्यांसारखेच मोजतं, कारण त्यांच्याशी वेगळा करार आहे. म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहणारा माणूस व्हर्जिनियातल्या तिकिटावर सुटतो आणि नायगारा बघायला पलीकडे कॅनडात गेला तर अडकतो. "दुसऱ्या राज्यातलं काही येत नाही" हे वाक्य मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तुम्ही ऐकलं असेल, तर सांगणारा बहुधा न्यूयॉर्कचं लायसन बाळगणारा आहे. तो खोटं बोलत नाही. ऐकणारा एडिसनचा असेल, तर फसतो.

न्यूयॉर्कमध्ये जाऊन गुन्हा करणाऱ्या बाहेरच्या माणसाला मात्र ते राज्य सोडत नाही. तिथे तुमच्या नावानं खातं उघडतं, आणि त्यात ६ पॉइंट झाले की तीन वर्षांत मिळून ३०० डॉलरची वेगळी आकारणी होते. ती दंडाच्या वर. ती भरली नाही तर न्यूयॉर्कमध्ये गाडी चालवायची तुमची मुभा निलंबित होते.

## जी राज्यं करारात नाहीत तिथे सुटका आहे का?

नाही. मिशिगन करारात नाही, तरी मिशिगनकर बाहेर दोषी ठरला की तिथला कायदा त्याला घरच्यासारखेच पॉइंट लावतो. करार नसला म्हणजे निरोप बंद असं होत नाही.

मॅसॅच्युसेट्सची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण निरोप पोचूनही कोणी वाचला नाही तर काय होतं ते तिच्यात दिसतं. २१ जून २०१९ला न्यू हॅम्पशायरमधल्या रँडॉल्फ गावाजवळ एका पिकअप ट्रकची मोटारसायकलस्वारांच्या गटाशी धडक झाली. सात जण गेले. ट्रक चालवणाऱ्याकडे मॅसॅच्युसेट्सचं लायसन होतं. त्याला सहा आठवड्यांपूर्वी कनेक्टिकटमध्ये नशेत गाडी चालवल्याच्या आरोपावरून अटक झाली होती, आणि कनेक्टिकटनं तसं कळवलंही होतं. मॅसॅच्युसेट्सच्या कार्यालयात ती सूचना कोणी उघडलीच नाही, नाहीतर लायसन तेव्हाच निलंबित व्हायला हवं होतं. चौकशी झाली तेव्हा इतर राज्यांतून आलेल्या हजारो न उघडलेल्या सूचना निघाल्या, काही खोक्यांत भरून ठेवलेल्या, काही कित्येक वर्षांपूर्वीच्या. कार्यालयाच्या प्रमुखांना राजीनामा द्यावा लागला. नंतर ढीग उपसला तेव्हा हजाराहून जास्त लोकांची लायसनं निलंबित झाली. अपघाताच्या खटल्यात तो चालक २०२२ मध्ये ज्युरीच्या निकालानं निर्दोष सुटला. पण कार्यालयाची चूक होती यावर वाद नाही.

एखाद्याचं जुनं तिकीट घरी पोचलं नाही म्हणून तो खूश असतो, तेव्हा मला ती खोकी आठवतात. आता बहुतेक देवाणघेवाण संगणकावर होते आणि वाट चुकणारे निरोप कमी होत चालले आहेत.

याशिवाय नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर नावाची एक राष्ट्रीय यादी आहे. ती केंद्राच्या महामार्ग सुरक्षा खात्याकडे असते. तिच्यात तुमचं पूर्ण रेकॉर्ड नसतं. ज्यांचं लायसन निलंबित किंवा रद्द झालंय किंवा ज्यांनी गंभीर गुन्हा केलाय, त्यांची नावं आणि "अमुक राज्याकडे विचारा" एवढी खूण. नोकरी बदलून टेक्सासला गेलात आणि नवं लायसन मागितलंत की कारकून आधी ही यादी बघतो. जुन्या राज्यात निलंबन असेल तर ते निस्तरेपर्यंत नवं लायसन मिळत नाही. राज्य बदलून पाटी कोरी होत नाही ती यामुळे.

## "मी भरलंच नाही तर? कोण येतंय मागे?"

सगळ्यांत जास्त नुकसान या विचारानं होतं. पूर्वी बाहेरच्या माणसाला पकडलं की जागेवर जामीन भरा, नाहीतर न्यायाधीशापुढे चला, अशी रीत होती, कारण तो परत येईल याची खात्री काय? त्यावर उपाय म्हणून १९७७ मध्ये दुसरा करार झाला, नॉनरेसिडेंट व्हायोलेटर कॉम्पॅक्ट. त्यात सौदा असा: पोलीस तुम्हाला सहीवर सोडतो, आणि तुम्ही तिकिटाला उत्तर दिलं नाहीत तर ते राज्य तुमच्या राज्याला कळवतं, तुमचं राज्य लायसन निलंबित करतं, तिकीट निकालात निघेपर्यंत. अलास्का, कॅलिफोर्निया, मिशिगन, मोंटाना, ओरेगन आणि विस्कॉन्सिन सोडून बाकी राज्यं त्यात आहेत.

आता काय घडतं बघा. तिकीट वेगाचं, दीडशे डॉलरचं. घर बदललेलं, पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. सहा महिन्यांनी घराजवळ कोणीतरी सिग्नलवर थांबवलं आणि कळलं की लायसन निलंबित आहे. निलंबित लायसनवर गाडी चालवणं हा मूळ गुन्ह्यापेक्षा कितीतरी मोठा गुन्हा, आणि काही राज्यांत त्यासाठी अटकही होते. पत्ता बदलला की लायसनवरचा पत्ता लगेच बदलून घ्या, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो.

जॉर्जियाचा एक फास वेगळाच आहे. तिथे दोनपदरी रस्त्यावर ७५ किंवा कुठल्याही रस्त्यावर ८५ मैल किंवा त्याहून जास्त वेगासाठी दोषी ठरलात, तर स्थानिक दंड भरून झाल्यावर राज्याकडून २०० डॉलरचं वेगळं पत्र येतं. हा नियम २०१०पासून आहे आणि बाहेरच्यांनाही लागू आहे. अटलांटाहून परत आलेली मंडळी दंड भरून निश्चिंत असतात आणि हे पत्र जाहिरात समजून फेकून देतात.

## कॅमेऱ्यानं काढलेलं तिकीट

बहुतेक राज्यांत कॅमेऱ्याचं तिकीट गाडीच्या मालकावर असतं, चालवणाऱ्यावर नाही, कारण फोटो नंबरप्लेटचा असतो. न्यूयॉर्क शहरात शाळेजवळच्या कॅमेऱ्याचे ५० डॉलर भरले की झालं, पॉइंट नाहीत आणि रेकॉर्डही नाही. अ‍ॅरिझोना अपवाद आहे: तिथे चालकाचा चेहरा टिपतात आणि पॉइंट लागतात. गाडी भाड्याची असेल तर कंपनी दंड भरून आपलं शुल्क वर लावते आणि तुमच्या कार्डावरून घेते.

## पॉइंट नाही, मग इन्शुरन्स का वाढला?

विमा कंपनीला राज्याच्या पॉइंटशी फारसं देणंघेणं नसतं. ती तुमच्या रेकॉर्डची प्रत मागवते आणि त्यातले गुन्हे आपल्या तक्त्यानं मोजते. रेकॉर्डवर गुन्हा आहे पण पॉइंट शून्य, असं असलं तरी हप्ता वाढू शकतो. साधारण तीन ते पाच वर्षं मागचं बघितलं जातं. दीडशे डॉलरच्या तिकिटाची खरी किंमत इथे कळते. न्यू जर्सीकरांना आपल्या रेकॉर्डची प्रत १५ डॉलरला मिळते; वर्षातून एकदा मागवून बघावी, चुकीची नोंद निघते कधी कधी.

## व्हिसावर असणाऱ्यांनी हे नीट वाचा

सगळी तिकिटं एका जातीची नसतात. वेगाचं साधं तिकीट हा बहुतेक राज्यांत किरकोळ नियमभंग असतो, गुन्हेगारी प्रकरण नव्हे. पण व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा २० मैल जास्त, किंवा मर्यादा काहीही असो, ८५च्या वर गेलात तर तो रेकलेस ड्रायव्हिंगचा, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवण्याचा, फौजदारी गुन्हा होतो. कमाल शिक्षा १२ महिने कैद आणि २,५०० डॉलर दंड. माझा भाचा ६५च्या रस्त्यावर ७९ वर होता. आणखी सहा मैल वेग असता तर त्याला ऑनलाइन भरायची सोयच नसती. कोर्टात उभं राहावं लागलं असतं, आणि दोषी ठरला असता तर फौजदारी रेकॉर्ड झालं असतं. न्यू जर्सीतल्या गार्डन स्टेट पार्कवेवर रोज दिसणारा वेग तिकडे गुन्हा आहे, हे आपल्या किती मुलांना माहीत असतं?

व्हिसाच्या अर्जात अटक किंवा दोषसिद्धीबद्दल सरळ विचारतात. नशेत गाडी चालवल्याची नुसती अटक झाली, दोषी ठरवलं नाही, तरी परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. २०१५पासून तसं धोरण आहे. २०२५च्या मार्च-एप्रिलमध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांच्या सरकारी नोंदी, अचानक बंद करण्यात आल्या. सरकारी गुन्हे-नोंदींशी नावं जुळवून ही कारवाई झाली होती, आणि त्यात वाहतुकीच्या साध्या प्रकरणांतली किंवा खटला केव्हाच निकाली निघालेली मुलंही होती. त्यांत भारतीय मुलं बरीच होती. कोर्टात दावे पडले आणि २५ एप्रिलला सरकारनं नोंदी पूर्ववत करत असल्याचं सांगितलं. त्या काही आठवड्यांत पुण्या-नागपुरातल्या आईवडिलांची झोप उडाली होती, ती मी फोनवर ऐकली आहे.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. नागरिकत्वाच्या अर्जातही ५०० डॉलरपेक्षा कमी दंडाच्या, अटक न झालेल्या, दारू-नशेशी संबंध नसलेल्या तिकिटांचे कागद जोडावे लागत नाहीत. पण तिकिटावर लिहिलेला गुन्हा किरकोळ आहे की फौजदारी, हे पहिल्या दिवशी वाचायलाच हवं. फौजदारी असेल तर वाहतुकीच्या वकिलाबरोबर इमिग्रेशनच्या वकिलालाही विचारावं.

आणि भारतातल्या लायसनवर गाडी चालवणाऱ्या पाहुण्यांचं? ते तिकीट पुण्याच्या आरटीओकडे जात नाही. पण ज्या राज्यात गुन्हा झाला, ते तुमच्या नावानं आणि जन्मतारखेनं नोंद ठेवू शकतं. विद्यार्थी म्हणून आलेला मुलगा पुढे त्याच राज्यात लायसन मागायला गेला की जुनं तिकीट समोर येतं.

## मग तिकीट हातात आल्यावर करायचं काय?

कागदाच्या दोन्ही बाजू वाचायच्या: कलम कोणतं, कोर्ट कोणतं, उत्तर द्यायची तारीख कोणती. मग आपल्या राज्याच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर परराज्यातल्या गुन्ह्यांचा नियम बघायचा. तिकीट देणाऱ्या राज्याचा नियम इथे कामाचा नाही, लायसन देणाऱ्याचा कामाचा. त्यानंतर त्या कोर्टाच्या क्लार्कला फोन. हे लोक बहुतेक मदत करतात, फक्त कायदेशीर सल्ला देत नाहीत. व्हिडिओवर हजर राहता येईल का, वकील माझ्या वतीनं उभा राहू शकतो का, ड्रायव्हिंगचा वर्ग केला तर तिकीट कमी होतं का किंवा रद्द होतं का, हे विचारायचं. कलम बदलून मिळालं तर घरी जाणारा निरोपही बदलतो, आणि सगळा फरक तिथे पडतो. वेगाचा गुन्हा खरोखर केला असेल तरी हे विचारण्यात लबाडी नाही. कायद्यानंच ती वाट ठेवलेली आहे.

भाच्यानं क्लार्कला फोन केला. तारीख डिसेंबरातली मिळाली आहे. व्हर्जिनियात गाडीचा स्पीडोमीटर तपासून घेऊन त्याचा दाखला न्यायाधीशापुढे ठेवता येतो, म्हणून तो शनिवारी गॅरेजमध्ये गेला होता. काटा तीन मैल कमी दाखवत होता. दाखला त्यानं तिकिटाच्या कागदाबरोबर पाकिटात ठेवलाय, आणि गाडीचं क्रूझ आता ६५ वर लावून निघतो.